तिजोरीची किल्ली कोणाकडे? घानाचे अर्थमंत्री ग्बेडेमा यांचं प्रकरण

मे १९६१ मध्ये घानाच्या मंत्रिमंडळात एक खातेबदल झाला. सात वर्षं अर्थखातं सांभाळणाऱ्या कोमला आग्बेली ग्बेडेमा यांच्याकडे आरोग्य खातं आलं आणि त्यांच्या जागी एफ. के. डी. गोका अर्थमंत्री झाले. पुढच्या पाच महिन्यांत ग्बेडेमा मंत्रिमंडळाबाहेर होते आणि वर्ष संपण्याआधी देशाबाहेर. दहाच वर्षांपूर्वी, पक्षाचे नेते क्वामे एन्क्रूमा तुरुंगात असताना याच माणसाने पक्षाला पहिली निवडणूक जिंकून दिली होती.

या घटनेकडे दोन जुन्या सहकाऱ्यांचं बिनसलं, एवढ्याच नजरेने पाहिलं जातं. बिनसलं हे खरंच. पण नव्या देशातल्या अर्थमंत्र्याचं वजन कशावर उभं असतं हे त्यातून कळत नाही. ग्बेडेमांचं वजन तीन गोष्टींवर होतं: पक्षाची संघटना, कोकोचा पैसा आणि खर्चाची प्रत्येक फाइल अर्थखात्यातून जाण्याची शिस्त. १९५७ नंतर या तिन्ही गोष्टी एकेक करून हातातून गेल्या. पद त्यानंतर गेलं.

संघटना: १९४९ ते १९५१

कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी, म्हणजे सीपीपी, १२ जून १९४९ रोजी राजधानी आक्रामध्ये स्थापन झाली. देश तेव्हा गोल्ड कोस्ट नावाची ब्रिटिश वसाहत होता. आचिमोटा कॉलेजात शिकलेले ग्बेडेमा आधी शिक्षक होते, नंतर व्यापारात पडले. पक्षात ते पहिल्या फळीतले. ‘आक्रा ईव्हिनिंग न्यूज’मधल्या मजकुरावरून त्यांना कैद झाली. ८ जानेवारी १९५० रोजी एन्क्रूमांनी ‘पॉझिटिव्ह अ‍ॅक्शन’ची, म्हणजे संप आणि बहिष्काराच्या आंदोलनाची, हाक दिली आणि लवकरच तेही गजाआड गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ग्बेडेमा सुटून बाहेर आले. नेता आत आणि संघटक बाहेर, अशा स्थितीत पक्षाचं सगळं ओझं एका माणसावर पडलं.

त्यांनी काय केलं हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. एन्क्रूमा जेम्स फोर्टच्या तुरुंगात पेन्सिलीच्या तुकड्याने टॉयलेट पेपरवर सूचना लिहीत. एक सहानुभूती असलेला पहारेकरी ते कागद बाहेर पोचवी. ग्बेडेमा त्यातून आदेश काढून शाखांना कळवत. एप्रिल १९५० मध्ये आक्राच्या नगरपालिका निवडणुकीत सीपीपीने सगळ्या जागा जिंकल्या. मोठ्या निवडणुकीची ही रंगीत तालीम ठरली. मग मतदार नोंदणी. नाव नोंदवलं तर कर बसेल अशी भीती गावोगाव होती आणि ती दारोदार जाऊनच काढावी लागली. लाल-पांढऱ्या-हिरव्या रंगात रंगवलेल्या, भोंगे लावलेल्या गाड्या फिरू लागल्या. सुटून आलेले कार्यकर्ते ‘पी. जी.’, म्हणजे ‘प्रिझन ग्रॅज्युएट’, अशी अक्षरं असलेल्या टोप्या घालून सभांना येत. तुरुंगवास ही तिथे पदवी झाली होती.

सगळ्यात उपयोगी पडली कायद्यातली एक फट. एका वर्षापेक्षा जास्त शिक्षा झालेल्याचं नाव मतदार यादीत येत नसे. एन्क्रूमांची शिक्षा एकूण तीन वर्षांची होती, पण ती एकेक वर्षाच्या तीन वेगवेगळ्या शिक्षांची बेरीज होती. त्यामुळे नाव नोंदवता आलं आणि अर्जही भरता आला. फेब्रुवारी १९५१ मध्ये थेट लढवलेल्या ३८ पैकी ३४ जागा सीपीपीकडे गेल्या. आक्रा मध्यमधून कैदी एन्क्रूमांना २३,१२२ पैकी २२,७८० मतं पडली. गव्हर्नर आर्डन-क्लार्क यांनी त्यांना सोडलं आणि सरकार बनवायला बोलावलं. ग्बेडेमा आरोग्य व कामगार मंत्री झाले, पुढच्या वर्षी वाणिज्य व उद्योग मंत्री.

अर्थखातं मात्र १९५४ पर्यंत आर्मिटेज या ब्रिटिश अधिकाऱ्याकडेच होतं. खर्चाचे निर्णय निवडून आलेल्यांनी घ्यायचे आणि तिजोरी वसाहतीच्या माणसाने सांभाळायची, अशी ती व्यवस्था. १९५४ च्या निवडणुकीनंतर किल्ली ग्बेडेमांकडे आली. हे खातं सांभाळणारे ते पहिले आफ्रिकी मंत्री.

७२ शिलिंग

पहिल्या काही महिन्यांतच त्यांनी असा एक निर्णय घेतला ज्याचे परिणाम देशाला पुढची अनेक वर्षं भोगावे लागले. तो समजायला कोकोच्या पैशाचा रस्ता माहीत हवा.

घानाच्या निर्यातीतला निम्म्याहून जास्त पैसा तेव्हा कोकोचा. १९४७ पासून सगळा कोको एकटं कोको मार्केटिंग बोर्ड विकत घेई. शेतकऱ्याला हंगामाच्या आधी ठरलेला भाव मिळे. बोर्ड तो माल जागतिक बाजारात विके. मधला फरक दोन खिशांत जाई: निर्यात कर सरकारच्या, उरलेला बोर्डाच्या राखीव निधीत. निधी ठेवण्याचं मूळ कारण चांगलं होतं, बाजार पडला तर शेतकऱ्याला सावरता यावं. पण बाजार चढला की हाच निधी सरकारला विकासाचा पैसा दिसू लागतो.

१९५४ मध्ये बाजार चढला. लंडनमध्ये कोको टनाला ४०० पौंडांच्या वर गेला. ऑगस्टमध्ये ग्बेडेमांनी कोको शुल्क व विकास निधीसंबंधीचं दुरुस्ती विधेयक मांडलं: शेतकऱ्याचा भाव ६० पौंड वजनाच्या बोजाला ७२ शिलिंग (२० शिलिंगांचा एक पौंड), आणि तो चार वर्षं बदलायचा नाही. हिशेब करून पाहावा. ब्रिटिश टनात असे सव्वासदतीसहून थोडे जास्त बोजे बसतात, म्हणजे शेतकऱ्याला टनामागे साधारण १३४ पौंड. बाजारभावाच्या एक तृतीयांशाहून कमी.

सरकारची बाजू पोकळ नव्हती. एकदम एवढा पैसा बाजारात सुटला तर महागाई वाढेल, शाळा-रस्ते-बंदरांना पैसा लागतो, आणि भाव पुढे पडणारच आहे, असं मंत्र्यांचं म्हणणं. तिन्ही मुद्दे खरे होते. चूक पद्धतीत झाली. अशांती नावाच्या ज्या प्रदेशात कोकोचं मोठं उत्पादन होतं तिथल्या उत्पादकांशी आणि पारंपरिक प्रमुखांशी आधी बोलणं झालं नाही. चार वर्षांचा भाव एका विधेयकाने लादला गेला. त्यातच बोर्डाची उपकंपनी असलेली कोको पर्चेसिंग कंपनी कर्जं वाटत होती आणि ती कर्जं पक्षाच्या माणसांना मिळतात ही तक्रार आधीपासूनच होती. १९५६ मध्ये जिबोवू आयोगाने ती बऱ्याच अंशी खरी ठरवली. म्हणजे शेतकऱ्याला दिसत होतं ते असं: आपल्याकडून कापलेला पैसा सत्ताधारी पक्षाच्या हातून परत वाटला जातोय.

विधेयकानंतर महिनाभरातच, १९ सप्टेंबर १९५४ रोजी, अशांतीची राजधानी कुमासीत नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट उभी राहिली. बोधचिन्ह कोकोचं झाड. भावाच्या मागणीची संघराज्याची मागणी झाली, कुमासीत हिंसाचार झाला आणि ब्रिटिशांनी स्वातंत्र्याआधी आणखी एक निवडणूक घ्यायला लावली. १९५६ ची ती निवडणूक सीपीपीने १०४ पैकी ७१ जागांनी जिंकली. पण सीपीपी आणि अशांतीमधली दुफळी भरून निघाली नाही. पुढे स्थानबद्धतेचा कायदा आणताना सरकारने धोका म्हणून बोट दाखवलं ते याच दुफळीकडे.

चलन, संत्र्याचा रस आणि धरण

६ मार्च १९५७ च्या मध्यरात्री आक्राच्या पोलो मैदानावर स्वातंत्र्याची घोषणा झाली. एन्क्रूमांच्या बाजूला ग्बेडेमा उभे होते. देशाकडे तेव्हा सुमारे २० कोटी पौंडांची परकीय गंगाजळी होती. नव्याने स्वतंत्र होणाऱ्या आफ्रिकी देशासाठी ही असाधारण रक्कम, आणि तिचा मोठा भाग शेतकऱ्याच्या खिशात न पोचलेला कोकोचा पैसा.

ही गंगाजळी हवी तशी वापरता येत नव्हती. कारण चलन पश्चिम आफ्रिका चलन मंडळाचं होतं. या मंडळाचा नियम सरळ: बँकेला एक पौंडाची नोट हवी असेल तर लंडनमध्ये एक पौंड स्टर्लिंग जमा करा. प्रत्येक नोटेमागे पूर्ण तारण, आणि ते तारण ब्रिटिश रोख्यांत. असं चलन घसरत नाही, पण देशाचा पैसा परक्या सरकारला स्वस्तात वापरायला मिळतो. ग्बेडेमांच्या काळात १९५७ मध्ये बँक ऑफ घानाचा कायदा झाला. स्कॉटिश बँकर एगलस्टन यांना पहिले गव्हर्नर नेमलं आणि १४ जुलै १९५८ रोजी घाना पौंड चलनात आला: १० शिलिंग, १ पौंड, ५ पौंड, दर स्टर्लिंगशी समान. नाण्यांवर एन्क्रूमांचं चित्र. चलनबदल गाजावाजा न होता, दर न ढळता पार पडला. अर्थमंत्री म्हणून त्यांचं हे सर्वांत नेटकं काम. आता तारणापलीकडे नोटा काढण्याची मुभा आली. त्याबरोबर नको तितक्या काढण्याचा मोहही आला. तो मोह किती आवरायचा हे खात्याच्या मंत्र्यावर अवलंबून होतं.

ऑक्टोबर १९५७ मधला एक प्रसंग या कारकिर्दीत सर्वांत जास्त सांगितला जातो. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, डोव्हरजवळ, हॉवर्ड जॉन्सन साखळीच्या एका उपाहारगृहात ग्बेडेमा आणि त्यांचे सचिव बिल सदरलंड यांनी संत्र्याचा रस मागवला. रस बांधून मिळेल, काळ्या माणसांना आत बसून पिता येणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. ग्बेडेमांनी आपली ओळख सांगितली, पैसे आणि रस दोन्ही तिथेच टाकले, प्रकरण इथे संपणार नाही असं बजावलं आणि बाहेर पडले. लिटल रॉकमधल्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश देण्याचा वाद तेव्हा पेटलेला होता आणि सोव्हिएत संघाने नुकताच स्पुटनिक सोडला होता. आफ्रिकेतल्या नव्या देशाच्या मंत्र्याचा असा अपमान वॉशिंग्टनला परवडणारा नव्हता. १० ऑक्टोबरला अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना व्हाइट हाउसवर न्याहारीला बोलावलं. उपाध्यक्ष निक्सनही होते.

ग्बेडेमांमधला मंत्री इथे दिसतो. माफी पदरात पडल्यावर त्यांनी त्याच टेबलावर व्होल्टा धरणाचा विषय काढला.

व्होल्टा नदीवर धरण, त्या विजेवर अ‍ॅल्युमिनियम कारखाना, आणि कोकोवरचं अवलंबित्व कमी, अशी ती योजना. १९५६ च्या जॅक्सन आयोगाच्या अहवालात एकूण खर्च २३ कोटी १० लाख पौंडांच्या घरात गेला आणि ब्रिटिश-कॅनडियन कंपन्यांचा उत्साह मावळला. न्याहारीनंतर अमेरिकेने पुन्हा लक्ष घातलं. १९५९ मध्ये अमेरिकेच्या कैसर कंपनीने आराखडा फिरवला: धरण अजेनाऐवजी खाली आकोसोम्बोला, आणि सुरुवातीला घानातलं बॉक्साइट हे खनिज न वापरता बाहेरून शुद्ध केलेलं अ‍ॅल्युमिना आणायचं. खर्च आटोक्यात आला, पण मूळ हेतूचा एक मोठा तुकडा गळून पडला. धरण व वीजघराचा खर्च सुमारे ७ कोटी पौंड. निम्मे, म्हणजे साडेतीन कोटी, घानाने स्वतःच्या गंगाजळीतून घालायचे. उरलेले कर्जाने, त्यात जागतिक बँकेचे ४ कोटी ७० लाख डॉलर. कारखान्याला वीज युनिटमागे २.६२५ मिल्स, म्हणजे सेंटच्या जेमतेम पाव भागाला, दीर्घ मुदतीच्या कराराने.

या वाटाघाटींत ग्बेडेमांचं महत्त्व त्यांच्या नावावर असलेल्या विश्वासातून आलं. कर्ज देणाऱ्याला समोरचा अर्थमंत्री हिशेब ठेवतो याची खात्री हवी असते. ती खात्री त्यांनी दिली. पण त्यामुळेच आक्रात त्यांची प्रतिमा ‘पाश्चात्त्यांचा माणूस’ अशी होत गेली, आणि १९६० नंतर पक्ष डावीकडे सरकला तेव्हा हाच गुण दोष ठरला.

१९६१

किल्ली काढून घेतली गेली ती टप्प्याटप्प्याने. १ जुलै १९६० रोजी घाना प्रजासत्ताक झाला आणि एन्क्रूमा कार्यकारी राष्ट्राध्यक्ष. टाविया आडामाफिओ यांच्यासारखे नवे लोक पक्षात वर आले. ग्बेडेमांनी १९५० मध्ये बांधलेली संघटना आता त्यांच्या हातात नव्हती. अर्थसंकल्प तयार करण्याचं काम अर्थखात्यातून राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत गेलं. हा बदल कागदावर तांत्रिक दिसतो. प्रत्यक्षात अर्थमंत्र्याचा खरा अधिकार ‘पैसे नाहीत’ असं म्हणण्यात असतो, आणि ते म्हणायची संधी फाइल टेबलावर आली तरच मिळते.

त्याच काळात पैसाही आटत होता. गिनीला जाहीर केलेलं १ कोटी पौंडांचं कर्ज, सरकारी उद्योग, परदेशांतले दूतावास, धरणाचा वाटा, असे सगळे खर्च चालू असताना कोको गडगडला. १९६०-६१ चं पीक ४ लाख टनांच्या वर गेलं, विक्रमीच, पण १९५८ मध्ये ३०० पौंडांच्या वर असलेला भाव २०० च्या खाली आला. शेतकऱ्याच्या बोजामागचे १२ शिलिंग १९५९ पासूनच विकासाला ‘योगदान’ म्हणून कापले जात होते, हातात ६० उरत. म्हणजे त्याच्याकडून आणखी काढायला जागा नव्हती. १९६१ अखेर गंगाजळी स्वातंत्र्याच्या वेळच्या निम्म्याखाली गेली.

८ एप्रिल १९६१ च्या पहाटे एन्क्रूमांनी आकाशवाणीवर पक्षातल्या भ्रष्टाचारावर कठोर भाषण केलं. मंत्र्यांच्या मालमत्तेला मर्यादा आली: मिळून २० हजार पौंडांपर्यंतची दोन घरं, दोन मोटारी. महिनाभरात ग्बेडेमांचं खातं बदललं.

जुलैचा अर्थसंकल्प गोका यांनी मांडला. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डॉर यांचा सल्ला त्यामागे होता. वर्षाला १२० पौंडांहून जास्त कमावणाऱ्याच्या पगारातून ५ टक्के सक्तीची बचत, बदल्यात १० वर्षांचे रोखे. शिवाय टिकाऊ वस्तूंवर खरेदी कर, मालमत्ता कर, परकीय चलनाच्या विनिमयावर नियंत्रण. शास्त्र म्हणून हे ठीक होतं. पण फटका कोणाला बसतो ते पाहावं. किमान वेतन रोज ६ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे महिन्याला २६ दिवस धरून वर्षाला साधारण १०१ पौंड. अकुशल मजूर सुटला. फिटर, इंजिन ड्रायव्हर, गोदीतला कुशल कामगार नेमका मर्यादेच्या वर आला. १५० पौंड कमावणाऱ्याचे वर्षाला साडेसात पौंड गेले. आणि सीपीपीच्या जुन्या आंदोलनांचा कणा हाच कामगार होता.

४ सप्टेंबरला सेकोंडी-ताकोराडीच्या रेल्वे आणि बंदर कामगारांनी संप पुकारला. १९५८ च्या औद्योगिक संबंध कायद्याने संघटना वरून बांधून ठेवल्या होत्या आणि कायदेशीर संपाची वाट जवळजवळ बंद होती. त्यामुळे तक्रार तडजोडीच्या टेबलावर न येता थेट रस्त्यावर आली. बाजारातल्या स्त्रियांनी संपकऱ्यांना अन्न पुरवलं. एन्क्रूमा तेव्हा पूर्व युरोप आणि बेलग्रेडच्या दौऱ्यावर होते. ते महिन्याच्या मध्यावर परतले आणि त्यानंतर काही दिवसांत संप मोडला.

सप्टेंबरअखेर मालमत्तेच्या नियमावर बोट ठेवून सहा जणांचे राजीनामे घेतले गेले. त्यांत ग्बेडेमा होते आणि कोजो बोत्सिओही. दोघेही १९४९ चे संस्थापक. बोत्सिओ पुढे मंत्रिमंडळात परतले. ग्बेडेमा परतले नाहीत. दोघांवर आरोप सारखाच होता. त्यामुळे मालमत्ता हे कारण सांगायला पुरतं, समजायला पुरत नाही. बोत्सिओंच्या मागे परदेशी कर्जदात्यांचा विश्वास नव्हता, स्वतंत्र लोकसमूहही नव्हता. ग्बेडेमांच्या मागे दोन्ही होतं, म्हणून ते पर्याय ठरू शकत होते.

३ ऑक्टोबरला ज्येष्ठ विरोधी नेते जे. बी. डांक्वा आणि संपाचे पुढारी यांना स्थानबद्ध केलं गेलं. आधार १९५८ चा प्रतिबंधात्मक स्थानबद्धता कायदा: खटल्याविना पाच वर्षं. त्या महिन्यात राजकीय गुन्ह्यांसाठी खास न्यायालयाचं विधेयक आलं, मृत्युदंडाच्या अधिकारासह आणि अपिलाशिवाय. ग्बेडेमांनी सभागृहात उभं राहून त्याला विरोध केला आणि नागरिकाचं स्वातंत्र्य यात कायमचं विझेल असा इशारा दिला. बोलायला धैर्य लागलं, कारण त्यांना अटकेची खरी शक्यता होती. तरी हेही लिहायला हवं की १९५८ चा कायदा झाला तेव्हा ते त्याच मंत्रिमंडळात बसले होते. तेव्हा तो कायदा अशांतीच्या विरोधकांसाठी होता. भाषणानंतर ते देशाबाहेर गेले. डिसेंबरमध्ये सरकारच्या श्वेतपत्रिकेने त्यांना सरकार उलथवण्याच्या कटात गुंतवलं. त्याच महिन्यात केनेडींनी व्होल्टाच्या कर्जाला मंजुरी दिली.

आडामाफिओंचं काय झालं तेही नोंदवायला हवं. ऑगस्ट १९६२ मध्ये कुलुंगुगु इथे एन्क्रूमांवर बॉम्बहल्ला झाला आणि आडामाफिओ स्वतःच स्थानबद्ध झाले.

१९६९: आयोग आणि कलम ७१

२४ फेब्रुवारी १९६६ च्या लष्करी उठावानंतर ग्बेडेमा मायदेशी परतले. पण नव्या राजवटीने सीपीपीच्या सगळ्याच जुन्या मंत्र्यांच्या मालमत्तेची आयोगांमार्फत चौकशी लावली. त्यांच्याविरुद्ध प्रतिकूल निष्कर्ष निघाला. २९ ऑगस्ट १९६९ च्या निवडणुकीत त्यांच्या नॅशनल अलायन्स ऑफ लिबरल्सला १४० पैकी २९ जागा मिळाल्या, बुसिया यांच्या प्रोग्रेस पार्टीला १०५. ग्बेडेमांच्या पक्षाची ताकद मुख्यतः व्होल्टा भागात, एवे भाषकांमध्ये. गोल्ड कोस्टभर गाड्या फिरवणारा संघटक आता एका प्रदेशाचा नेता म्हणून ओळखला जाऊ लागला होता.

केटाची जागा त्यांनी जिंकली, पण प्रतिस्पर्धी न्यायालयात गेला. १९६९ च्या राज्यघटनेच्या कलम ७१ नुसार, आयोगाने बेकायदा मालमत्तेचा ठपका ठेवलेली व्यक्ती संसदेत बसू शकत नव्हती. मुद्दा असा होता: आयोगाचा निष्कर्ष पुरेसा, की न्यायालयात गुन्हा सिद्ध व्हायला हवा? ८ डिसेंबर १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निष्कर्ष पुरेसा मानला आणि जागा गेली. १९५१ मध्ये त्यांच्या पक्षाला शिक्षेच्या मोजणीतली फट सापडली होती. कलम ७१ मध्ये तशी फट नव्हती. संसदेतलं विरोधी पक्षाचं नेतृत्व दुसऱ्याकडे गेलं.